मावळात राहायला जाण्याचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे मावळात गाड्या फिरू लागतात. पुढच्या सीटवर एजंट, मागे मुंबईहून किंवा पुण्याहून आलेले जोडपे, कधी त्यांचा परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा. पाऊस संपलेला असतो, भात कापणीला आलेले असते, पवनेचे धरण काठोकाठ असते आणि तुंग-तिकोन्यावरचा एकेक बुरूज मोजता येईल इतकी हवा स्वच्छ असते. अशा दिवसात कोणीही इसार देईल. शहर सोडून ऊन, मोकळी हवा आणि परवडणारी जागा शोधायला निघालेल्या माणसाच्या निर्णयात इथेच पहिली गडबड होते. जागा नोव्हेंबरात पाहिली जाते, राहायचे मात्र जुलैतही असते.

ही ओढ काही आपल्याकडचीच नाही. लंडनचे धुके सोडून स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेणारे इंग्रज पेन्शनर गेली अनेक दशके आहेत. पोर्तुगालने 2009 साली परदेशी रहिवाशांना करसवलत देऊन बोलावले, इटलीतल्या ओस पडलेल्या खेड्यांनी एका युरोत पडकी घरे विकायला काढली. आता वारा फिरला आहे. पोर्तुगालने ऑक्टोबर 2023 मध्ये मालमत्ता खरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला, करसवलतीची जुनी योजनाही 2024 पासून नव्या लोकांसाठी थांबवली. स्पेनने एप्रिल 2025 मध्ये आपला गोल्डन व्हिसा मोडीत काढला. कारण सगळीकडे एकच: बाहेरचा माणूस आला की जागेचे भाव चढतात आणि गावच्या पोराला गावात घर परवडत नाही. मावळाला व्हिसा नाही आणि कोणी बोलावणे धाडलेले नाही, पण गोष्ट याच जातीची आहे. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसासाठी ऊन आणि स्वस्ताई शोधण्याचा परदेश म्हणजे बोरघाटाच्या माथ्यावरचा हा तालुका.

बाहेरच्यांचे येणे इथे नवे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. तिथेच वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, एका श्रेष्ठीचा लेख आहे, आणि त्यात हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याची बढाई आहे. मावळातली पहिली जाहिरात म्हणायला हरकत नाही. 1778 च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची फौज घाट चढून आली, तिला जानेवारी 1779 मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नाक घासून तह करावा लागला. कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट लोकांच्या तोंडी 'इष्टुर फाकडा' झाला, आणि त्याची समाधी आजही वडगावात आहे. मावळात कायमचे राहिलेल्या परदेशी माणसांत बहुधा तोच सर्वांत प्रसिद्ध.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत मात्र लोणावळ्याचा 'शोध' 1871 साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने लावला असे छापून येते. त्या साली एल्फिन्स्टन नावाचा कोणी मुंबईचा गव्हर्नर नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1827 सालीच पायउतार झाला होता आणि पुढचा लॉर्ड एल्फिन्स्टन 1860 साली वारला. पुणे-खंडाळा रेल्वे 1858 पासून धावत होती, 1863 साली बोरघाटही जोडला गेला होता. ज्या गावातून आगगाडी जाते ते गाव आठ वर्षांनी शोधावे लागावे, ही गंमतच. लोणावळा कोणी शोधले नाही, ते रेल्वेने वसवले. घाट चढण्या-उतरण्यासाठी लागणारी इंजिने, त्यांची शेड, कामगारांच्या चाळी, अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची घरे, हे आधी आले. हवापालटासाठी बंगले बांधणारे मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेठ मागाहून, त्याच रुळांवरून.

तेव्हापासून मावळात येणाऱ्यांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक काम घेऊन येणारे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढले, आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासण्याचा उद्योग सुरू केला. ती संस्था शंभरी ओलांडून चालू आहे. अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाने 1908 च्या सुमारास तळेगावला काचेचा कारखाना काढला, आणि काचकामात तयार झालेले कारागीर तिथून देशभर गेले. नौदलाने 1945 साली आयएनएस शिवाजी आणले. गो. नी. दांडेकर तळेगावात राहिले आणि 'पवनाकाठचा धोंडी' लिहिताना मावळचा माणूस आणि त्याची बोली कादंबरीत घेऊन आले. दुसरी तऱ्हा नुसती हवा खायला येणाऱ्यांची. त्यांचे बंगले अजून खंडाळ्यात आहेत, दगडी फाटकांवर संगमरवरी पाट्या आहेत, आत माळी आहे, मालक नाही. माझे मत विचाराल तर मावळात कोण टिकतो याचे उत्तर या दोन तऱ्हांत आहे, बँकेतल्या शिलकेत नाही.

तिसरी तऱ्हा अलीकडची, अख्खे गावच विकत देणाऱ्यांची. लोणावळ्यापलीकडे मुळशीच्या हद्दीतली सहाराची अ‍ॅम्बी व्हॅली, आणि वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा. लवासातले दासवे हे गाव तर इटलीतल्या पोर्तोफिनोच्या नमुन्यावर रंगवले. म्हणजे इटलीला जाण्याऐवजी इटलीच मोसे खोऱ्यात आणून ठेवली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लवासाचे काम थांबवले, 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अ‍ॅम्बी व्हॅलीचा लिलाव करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला. दोन्हीकडे घर घेतलेल्यांना काय भोगावे लागले ते त्यांच्या तोंडून ऐकावे. इतकेच म्हणतो की ज्या गावाला ग्रामपंचायत, आठवड्याचा बाजार आणि एसटीचा थांबा नाही, ते कंपनीची तब्येत बिघडली की आजारी पडते.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण स्वस्ताईची खरी मेख तिथे आहे. मावळातली जमीन शहराच्या मानाने स्वस्त दिसते याचे एक मोठे कारण म्हणजे ती शेतजमीन असते आणि ती सगळ्यांना विकत घेता येत नाही. 1948 च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम 63 सांगते की शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. मग मुंबईच्या नोकरदाराला सातारा, रत्नागिरी, नगर इकडची वडिलोपार्जित जमीन आठवते. तिच्या सातबाऱ्यावर नाव असले तर तो शेतकरी. पण अनेकांनी, विशेषतः बहिणींनी, भावांच्या प्रेमापोटी किंवा आग्रहापोटी हक्कसोडपत्रावर सह्या केलेल्या असतात. त्या सहीबरोबर शेतकरीपणही गेले, हे मावळात इसार दिल्यावर कळते. 2007 साली अमिताभ बच्चन यांच्या पवन मावळातल्या जमिनीवरून वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच शेतकरी असल्याचा पुरावा होता. त्यांचा पुरावा उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीचा होता.

परदेशस्थ मराठी कुटुंबांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेमा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक भारतात फ्लॅट किंवा बिगरशेती घर घेऊ शकतात, पण शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वारशाने आले तर गोष्ट वेगळी. न्यू जर्सीतला मुलगा पैसे पाठवतो, जमीन वडिलांच्या नावावर होते. हे वडील शेतकरी असले तर चालून जाते. पण पुढे मुलगा परत येऊन तिथे राहील, हा जो बेत असतो, त्याचा कागद कुठेच नसतो.

सातबारा नीट वाचावा. गट नंबर आणि क्षेत्र सगळेच बघतात. खरी कथा भोगवटादाराच्या वर्गात आणि इतर हक्कांच्या रकान्यात असते. 'वर्ग 2' लिहिले असेल तर जमीन सरकारी अटींसकट आहे, विकायला परवानगी लागते. कुळाला मिळालेली जमीन असेल तर कलम 43 ची अट आहे का ते पाहावे. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, एखाद्या आत्याचे नाव, धरणाच्या पुनर्वसनाचा शेरा, पाटबंधारे खात्याचे संपादन, काहीही सापडते. फेरफारांचे नंबर खाली दिलेले असतात, ते एकेक काढून मागे जावे. सहहिस्सेदार सात, सही चौघांची, असा व्यवहार मावळात दुर्मिळ नाही. आणि मोजणी. कंपाउंड घातल्यावर मोजणी करणारे गिऱ्हाईक पाहिले की तलाठीसुद्धा हसतात. रस्ता हा वेगळाच अध्याय: गाडी जिथपर्यंत आली तो रस्ता नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या बांधावरून त्याच्या मर्जीने चालू आहे? ज्या दिवशी तुम्ही त्याच्या म्हशींबद्दल तक्रार कराल त्या दिवशी हे कळेल.

त्यात तुकडेबंदी. 1947 च्या कायद्याखाली ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचे खरेदीखत होत नाही. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे केले गेले. म्हणून 'फार्म प्लॉट'वाले एका मोठ्या गटात वीस-पंचवीस जणांना एकत्र घेतात आणि सगळ्यांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवतात. तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे कागद सांगत नाही, एजंटने मारलेली चुन्याची फक्की सांगते. शेतात शेतघर बांधायचे तर निदान 40 आर, म्हणजे एक एकराच्या आसपास क्षेत्र लागते. दोन गुंठ्यांत आउटहाऊस आणि स्विमिंग पूल दाखवणाऱ्या चित्राला या नियमाशी देणेघेणे नसते. बिगरशेती प्लॉटांची योजना असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना केंद्राने जुलै 2024 मध्ये सहाव्यांदा काढली, महाराष्ट्रातले 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्यात आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, एवढे तरी बघावे. हे सगळे वाचून कोणाचा उत्साह मावळला तर मावळलेलाच बरा.

हवेचा हिशेब याहून सोपा आहे, तरी लोक तो चुकवतात. लोणावळ्याला वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहराच्या पाच-सहापट. आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत एकदा झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी धरते, मीठ पाणी सोडते, काडेपेटीची काडी पेटत नाही, दारे फुगून चौकटीत अडकतात, धुतलेले कपडे पंख्याखाली दोन दिवस टांगले तरी कुबट वास जात नाही. पुस्तकांचे कपाट म्हणजे वाळवीला आमंत्रण. म्हणून जुन्या माणसांनी उतरती कौले आणि रुंद पडवी बांधली. नव्यांनी मुंबईच्या आर्किटेक्टकडून सपाट स्लॅब आणि पश्चिमेला भिंतभर काच करून घेतली, आणि आता स्लॅबवर पत्र्याची शेड, पश्चिमेच्या भिंतीला पत्रा, आणि काचेबाहेर प्लॅस्टिक. गावात फिरलात तर ज्या घरावर असा पत्रा चढलेला आहे तिथे माणसे राहतात असे समजावे. निव्वळ सुंदर दिसणारी घरे बहुतेक रिकामी असतात.

आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पठारावरच्या वाड्यांना टँकर लागतो. कातळावर पडलेले पाणी थांबत नाही, ते इंद्रायणीला, पवनेला मिळून धरणात जाते आणि तिथून दुसऱ्याच कोणाच्या नळाला. लोणावळ्याची उंची जेमतेम 622 मीटर, महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी, तेव्हा मे महिन्यात थंड हवेची अपेक्षाही फार धरू नये. ऊन-पावसाचा खरा समतोल हवा असेल तर पूर्वेकडे सरकावे. घाटमाथ्यावरून कामशेत, वडगाव, तळेगाव असे खाली येत गेले की दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस झपाट्याने कमी होतो. तळेगावात निवृत्त मराठी मध्यमवर्ग पिढ्यान्‌पिढ्या टिकला त्यात या हवेचा वाटा आहे, आणि पुणे-लोणावळा लोकलचाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. भाजी, दूध, मजुरी शहराहून फार स्वस्त नाही, शनिवार-रविवारी तर महाग. राखणदार, बोअर, इन्व्हर्टर, दर उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग, हा न दिसणारा हप्ता आहे. साठी ओलांडलेल्यांनी घरापासून हृदयरोगाचा इलाज होईल अशा रुग्णालयापर्यंत पावसातल्या रात्री किती वेळ लागतो ते स्वतः गाडी चालवून पाहावे. तळेगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, त्यापुढे निगडी-चिंचवड. पवनेच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून ते अंतर नकाशावर दिसते त्याहून लांब आहे.

आता दुसरी बाजू, जी या विषयावरच्या चर्चेत शेवटच्या ओळीत येते. जमीन विकणारा कोण? 1 एप्रिल 1957 रोजी, कृषकदिनी, कायद्याने जमीन कसेल त्याची ठरली, आणि मावळातल्या अनेक घरांत पहिल्यांदाच सातबारा आला. त्याच घरातला नातू आज विकतो. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. पण या तालुक्याने आधीच बरेच दिले आहे. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांचे वळवण आणि शिरोता, भिवपुरीसाठी आंदर मावळात ठोकळवाडी. शेजारच्या मुळशीतल्या धरणाला विरोध करून सेनापती बापटांनी 1921 साली सत्याग्रह केला, धरण झालेच. पवना धरण 1970 च्या दशकात उभे राहिले, त्याच्या विस्थापितांचा पुनर्वसनाचा लढा दुसऱ्या पिढीत गेला. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. धरण, रेल्वे, महामार्ग, द्रुतगती मार्ग, एमआयडीसी, हे सगळे भातखाचरांतूनच गेले. उरलेल्या तीन एकरांतले दीड विकून मुलीचे लग्न, घराचा स्लॅब आणि एक टेम्पो करणाऱ्याला आपण काय शिकवणार?

पैसा येतो आणि जातो, हे मात्र खरे. पुण्याच्या आसपास 'गुंठामंत्री' म्हणून जी थट्टा चालते तिच्यामागे अशीच बरीच कुटुंबे आहेत: दोन वर्षे पांढरी गाडी, मग त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदारी. दुसरी उदाहरणेही आहेत. वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने 1987 साली दिलेल्या इंद्रायणी तांदळाला चांगला भाव आहे. पॉलीहाऊसमधला मावळचा गुलाब फेब्रुवारीत विमानाने युरोपला जातो. ज्यांनी जमीन न विकता पवनेच्या काठी तंबू लावले त्या पोरांचे शनिवार चांगले चालतात, भले त्यातल्या काही जागांवरून पाटबंधारे खात्याशी त्यांचे वाजत असो.

जुने आणि नवे रहिवासी कुठे खटकतात? जमिनीवरून कमी, धुरावरून जास्त. एप्रिल-मेमध्ये शेतकरी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन राब भाजतो. त्याशिवाय आवण, म्हणजे भाताचे रोप, जोमदार येत नाही, निदान त्याची तशी खात्री आहे. शेजारच्या बंगल्यातले काका दम्याचे कारण सांगून ग्रामपंचायतीत अर्ज देतात. ग्रामसेवक अर्ज घेतो, शिक्का मारतो, आणि काहीच करत नाही, कारण सरपंचाच्या खाचरातही राब पेटलेला असतो. उलट, भाड्याने दिलेल्या व्हिलांत पहाटे तीनपर्यंत वाजणारा डीजे, आणि ओढ्यात टाकलेल्या बाटल्या, याबद्दल गावाचा अर्ज कोण घेणार? पर्यटकांच्या लोंढ्याने स्थानिकांचे जे होते ते 2024 च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवरच्या लोकांनी रस्त्यावर येऊन सांगितले. मावळातली माणसे पर्यटकांवरून अजून तशी रस्त्यावर आलेली नाहीत. दरम्यान भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीखाली कोसळून चौघे गेले. दोन्ही वेळी आधी धावले ते गावकरीच.

तरीही जावे का? काम घेऊन जाणाऱ्याने जरूर जावे. लॅपटॉपवर चालणारे काम हेही कामच आहे, नेट टिकले तर. निवृत्तांनी तळेगाव, वडगाव, कामशेत अशा रेल्वेच्या बाजूच्या गावात फ्लॅट बघावा, डोंगराच्या कुशीतली जागा नातवंडांच्या सुट्टीसाठी भाड्याने घ्यावी. द्रुतगती मार्गाची खोपोली-कुसगाव मिसिंग लिंक घाटातले अंतर सुमारे सहा किलोमीटरने कमी करते, आणि मुंबईहून येणे जितके सोपे, तितक्याच वेगाने जमिनीचे भावही घाट चढतात. पण खरेदीआधी एक पावसाळा भाड्याने राहून काढावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात जावे आणि दसऱ्याला परतावे. मधे पुण्याला पळून यायचे नाही. मावळात भाड्याची घरे त्या दिवसात शनिवार-रविवार सोडून रिकामी असतात, महिन्याच्या बोलीवर घासाघीस करता येते. मालकाला आधी एवढेच विचारावे, छताला शेवटचे वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी झाले.